पूर्वेच्या काठावरच्या २१ फरश्या : घरगुती स्विमिंग पूलच्या दुरुस्तीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मुळशी तालुक्यातला हा बंगला एका निवृत्त दांपत्याचा. नावं देत नाही. आम्ही त्यांना काका-काकूच म्हणतो. दोघं वर्षातले सात-आठ महिने तिथेच राहतात, सुट्टीत मुलं-नातवंडं येतात. बंगल्यामागे ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद असा पूल आहे. उथळ बाजू ९० सेंटिमीटर, खोल बाजू १.८ मीटर, म्हणजे पाणी साधारण ४३ हजार लिटर. भिंती आरसीसीच्या. काठावर करड्या ग्रॅनाइटच्या खरखरीत फरश्या, प्रत्येकी ६० बाय ३० सेंटिमीटर, सगळ्या मिळून ४०. त्यांच्या खाली, पाण्याच्या रेषेवर, निळ्या टाइल्सची एक रांग. बाहेरच्या बाजूने चालायला कोट्याची फरशी.

मी बांधकाम दुरुस्तीची कामं करतो. या प्रकरणात माझा संबंध दोन वेळा आला. पहिल्या वेळी मी चुकलो आणि दुसऱ्या वेळी काय केलं ते त्या चुकीमुळेच नीट कळलं, म्हणून दोन्ही सांगतो.

अडचण

पूल बांधून सहा वर्षं झाली तेव्हा पूर्वेच्या काठावरच्या तीन फरश्या पाय ठेवला की हलायला लागल्या. त्यांच्या खालच्या दोन निळ्या टाइल्स गळून तळाशी पडल्या. काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले. मी फोटो बघून सांगितलं, ‘‘जुना माल खरवडून चांगल्या टाइल अ‍ॅडहेसिव्हने परत बसवून घ्या, पाणी थोडं उतरवा.’’ गावातल्या फरशीवाल्याने दोन दिवसांत काम उरकलं. सांधे पांढऱ्या सिमेंटने भरले. मे महिना होता.

त्या पावसाळ्यानंतर तीनाच्या सात झाल्या. नव्याने बसवलेल्या तीनपैकी दोन पुन्हा सुटल्या, आणि या वेळी एका निळ्या टाइलची उघडी पडलेली कड नातवाच्या टाचेला लागली. जखम मोठी नव्हती, दोन टाके पडले. पण काकूंनी त्या दिवशी पूल बंद करायला लावला आणि मला फोन केला. ‘‘अहो, आत्ताच मे महिन्यात बसवल्या ना? मग परत कशा सुटतात?’’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते नसताना पुन्हा ‘चिकटवून घ्या’ म्हणणं मला बरोबर वाटलं नाही. सप्टेंबरच्या शेवटी मी स्वतः गेलो.

तपासणी

बरोबर एक लाकडी मुठीचा हातोडा, खडू आणि पाणसळ नेली. चाळीसही फरश्या एकेक करून मुठीने वाजवल्या. भरीव फरशी ‘टण्’ करते, सुटलेली ‘बद्’ करते. दोन-चार वाजवल्या की कानाला फरक कळतो. पोकळ वाजली की खडूने फुली. तासाभरात काठावर जे चित्र उमटलं त्यानेच अर्धं काम केलं.

फुल्या १७ होत्या. त्यातल्या ११ पूर्वेच्या लांब बाजूवर, उरलेल्या ६ उत्तर-दक्षिणेच्या आखूड बाजूंवर आणि त्याही पूर्वेकडच्या अर्ध्या भागात. पश्चिमेला एकही नाही. फरशी तीच, मिस्त्री तोच, माल तोच, ऊन-पाऊसही तोच. मग एकाच बाजूला का?

बंगल्याची राखण करणारे मामा शेजारी उभे होते. त्यांना विचारलं, इथे आधी काय होतं? ते पूर्वेकडे हात करून म्हणाले, ‘‘हितं खाचर व्हतं, साहेब. इंद्रायणी लावायचो आमी. आषाढात गुडघ्याएवढा चिखल. तिकडं पल्याड खडक हाय.’’ पश्चिमेची बाजू कातळावर आणि मुरमावर, पूर्वेची बाजू भाताच्या खाचरावर टाकलेल्या भरावावर. पुलाची आरसीसीची पेटी खाली पक्क्या थरावर टेकलेली होती, ती जागची हललेली नव्हती. तिच्या बाहेरची कोट्याची फरशी मात्र भरावावर होती. पाणसळ लावून पाहिलं तर पूर्वेची कोटा फरशी पुलाच्या काठापासून दूर जाताना दीड मीटरमध्ये १४ मिलिमीटर खाली बसली होती.

तरीही फक्त बाहेरची जमीन बसल्याने काठाची फरशी का सुटावी, हे कळत नव्हतं. एक सुटलेली फरशी काकांसमोर उचलली. ग्रॅनाइटच्या पाठीवर मालाचे पाच गोळे होते, चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये, बाकी पोकळी. त्या पोकळीत पाणी होतं, आणि गोळ्यांच्या कडेने पांढरा लोणा फुलला होता. पण खरी गोष्ट त्या खाली होती. पुलाची भिंत, गिलावा आणि निळी टाइल धरून जाडी २३ सेंटिमीटर. फरशी ३० सेंटिमीटरची. आतल्या बाजूला २ सेंटिमीटर नाक, म्हणजे पाण्यावर पुढे आलेली कड, काढलं होतं. म्हणजे मागचे ५ सेंटिमीटर भिंतीवर नव्हतेच, ते बाहेरच्या भरावावर टेकलेले होते. आणि भिंत व भराव यांच्यामध्ये जो मोकळा सांधा असायला हवा, त्यात विटांचे तुकडे ठोकून वरून सिमेंट भरलेलं होतं.

या सांध्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्याच्याभोवती फिरतं. पुलाची पेटी पाण्याने गार राहते, बाहेरची फरशी उन्हात तापते. काँक्रीट दर अंश सेल्सिअसला मीटरमागे साधारण एका मिलिमीटरचा शंभरावा भाग वाढतं. सहा मीटरची सलग फरशी पहाटेपासून दुपारपर्यंत ३० अंशांनी तापली तर १.८ मिलिमीटर लांबते. एवढं ऐकायला काहीच वाटत नाही. पण तिला जायला जागा नसेल तर ती काठाच्या फरशीला पुलाकडे ढकलते, रात्री सोडते, दुसऱ्या दिवशी पुन्हा ढकलते. त्यात खाचराची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. आमच्या फरशीचा एक पाय न हलणाऱ्या भिंतीवर आणि दुसरा हलणाऱ्या भरावावर होता. कोणतंही अ‍ॅडहेसिव्ह तिला धरून ठेवू शकलं नसतं.

तिसरं कारण पाण्यात सापडलं. मामा क्लोरिनच्या गोळ्या थेट स्किमरच्या, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या, टोपलीत टाकत होते, आणि त्या ट्रायक्लोरच्या होत्या. हा प्रकार आम्लधर्मी असतो. पट्टी बुडवून पाहिलं तर पीएच ६.८ आला, तो ७.२ ते ७.८ मध्ये असायला हवा. पाण्याचा कॅल्शियम कठीणपणा ६० पीपीएम होता. मुळशीचा पाऊस पुलात पडत राहिला की पाणी मऊ होत जातं, आणि मऊ, आम्लधर्मी पाणी स्वतःची चुन्याची भूक सिमेंटमधून भागवतं. निळ्या टाइल्सच्या सांध्यांतलं पांढरं सिमेंट बोटाने खरवडलं तर ओल्या खडूसारखं निघत होतं.

पर्याय

काका हिशेबी माणूस. त्यांनी कागद घेऊन चारही पर्याय लिहून काढायला लावले.

पहिला, सुटलेल्या १७ फरश्या पुन्हा चिकटवायच्या. तीन-चार दिवसांचं काम, खर्च सगळ्यांत कमी. हे एकदा करून झालं होतं आणि चार महिने टिकलं होतं.

दुसरा पर्याय एका पूल कंत्राटदाराने सुचवला होता: पूल पूर्ण रिकामा करायचा, आतून-बाहेरून सगळ्या टाइल्स काढायच्या, नव्याने करायचं. त्याच्या अंदाजपत्रकात सप्टेंबरमध्येच काम सुरू करायचं होतं. मला सगळ्यांत जास्त भीती याची वाटली. शेजारच्या विहिरीत त्या दिवशी पाणी जमिनीपासून फक्त ६० सेंटिमीटर खाली होतं. पुलाचा खोल तळ १.८ मीटरवर. म्हणजे तळाखालून १.२ मीटर पाण्याचा दाब वर ढकलत होता, दर चौरस मीटरला साधारण १.२ टन. २० सेंटिमीटर जाडीच्या आरसीसी तळाचं वजन चौरस मीटरला अर्धा टन. भरलेला पूल स्वतःच्या पाण्याच्या ओझ्याने जागेवर राहतो; ते पाणी काढलं की पेटी जमिनीतून वर उचलली जाऊ शकते किंवा तळ तडकतो. तळाला दाब सोडणारा व्हॉल्व्ह बसवलेला आहे का, हे काकांना माहीत नव्हतं आणि जुन्या कागदांत कुठेही त्याचा उल्लेख नव्हता. पावसाळ्यात किंवा त्याच्या लगेच नंतर घरचा पूल रिकामा करू नका, हे मी या निमित्ताने कळकळीने सांगतो. आधी जवळच्या विहिरीत डोकावून बघा.

तिसरा पर्याय म्हणजे पूर्वेची पूर्ण बाजू आणि आखूड बाजूंचे पूर्वेकडचे भाग, मिळून २१ फरश्या उचलायच्या, त्या फक्त भिंतीवरच टेकतील अशा बसवायच्या आणि मागचा सांधा खरोखर मोकळा करायचा. चौथा, हेच काम चाळीसही फरश्यांचं करायचं.

तिसऱ्या आणि चौथ्यात काका अडकले. ‘‘अर्धवट नको, एकदाच सगळं करा,’’ असं त्यांचं म्हणणं. माझं मत वेगळं होतं. पश्चिमेच्या फरश्या कातळावर होत्या, एकही पोकळ वाजत नव्हती. पक्की बसलेली फरशी उचलताना तिच्याखालचा गिलावा आणि वॉटरप्रूफिंग हमखास दुखावतं. तिकडे फरशी न उचलता फक्त मागचा सांधा कटरने मोकळा करायचा, एवढं पुरेसं होतं. शेवटी असंच ठरलं.

काम जानेवारीत करायचं, हा निर्णय काकूंचा. नाताळात सगळे येणार होते आणि त्यांना पूल चालू हवा होता. मी म्हटलं, घाईने केलं तर तिसऱ्यांदा करावं लागेल. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘मुलं या वर्षी पोहणार नाहीत. टाके परत नकोत.’’ तोवर आम्ही धारदार कडा असलेल्या टाइल्स काढून घेतल्या आणि पूर्वेच्या काठाला दोरी बांधली.

प्रत्यक्ष काम

जानेवारीत विहिरीचं पाणी साडेतीन मीटरवर गेलं होतं. तरी पूल रिकामा केला नाही, गरजच नव्हती. पाणी ३५ सेंटिमीटर उतरवलं, सुमारे ११ हजार लिटर. स्किमरचं तोंड उघडं पडलं, त्यामुळे त्याचा व्हॉल्व्ह बंद करून पंप फक्त तळाच्या जाळीवर ठेवला. नाहीतर पंप हवा ओढतो आणि सील जळतं. पाण्यावर ताडपत्री ताणली, म्हणजे मोडतोड पाण्यात जाणार नाही.

पहिलाच अर्धा दिवस थांबण्यात गेला. बागेतल्या ज्या बोर्डवरून ग्राइंडर चालणार होता, त्यावर आरसीसीबी नव्हता. ओला काठ, हातात वीज, आणि गळती झाली तर तोडणारं काही नाही. मिस्त्री म्हणाला, ‘‘रोज असंच करतो साहेब.’’ मी काम सुरू होऊ दिलं नाही. पौडहून वायरमन बोलावला, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, बटण दाबून तो पडतो हे दाखवून घेतलं, मगच प्लग लावला.

फरश्या छन्नीने उचलल्या. २१ पैकी २ तुटल्या. नशिबाने काकांकडे जुन्या चार उरलेल्या होत्या, गॅरेजमध्ये, रद्दीच्या मागे. कोपऱ्याजवळ भिंतीच्या माथ्यावर एक आडवी भेग दिसली. इथे सगळे थांबलो. वरून माल मारून पुढे जाणं सोपं होतं, मिस्त्रीने थापी उचललीही होती. पण ती भेग गिलाव्याची आहे की आरसीसीची, हे कळल्याशिवाय झाकायचं नाही, असं ठरवलं. दीड फूट गिलावा काढला. खाली काँक्रीट अखंड होतं, गज गंजलेले नव्हते. भेग गिलाव्यातच होती. बाहेरची फरशी ढकलत होती तिथेच तो सुटला होता. आरसीसीत भेग निघाली असती तर काम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचं, हे काकांशी आधीच बोलून ठेवलं होतं.

सांध्यातले विटांचे तुकडे काढायला दोन माणसांना दीड दिवस लागला. एका बादलीत चप्पलचा अंगठाही निघाला. जे हाताला लागेल ते त्या फटीत कोंबलेलं होतं.

मग भिंतीच्या माथ्यावर गिलावा दुरुस्त करून पॉलिमरवालं सिमेंटी वॉटरप्रूफिंग दोन हातांत, एकमेकांना काटकोनात मारलं. फरश्या मागून ५ सेंटिमीटर कापून २५ च्या केल्या, म्हणजे त्या २३ सेंटिमीटरच्या भिंतीवर पूर्ण टेकतील आणि २ सेंटिमीटर नाक राहील. कापलेल्या पट्ट्या फेकल्या नाहीत. त्या थोड्या तासून सांध्यापलीकडे, बाहेरच्या फरशीच्या काठाला नव्या काँक्रीटच्या पट्टीवर बसवल्या. रंग जुळला, आणि काकूंना ती किनार आवडली.

अ‍ॅडहेसिव्ह भिंतीवर दातेरी थापीने ओढायचं आणि फरशीच्या पाठीलाही पातळ हात मारायचा, हे मिस्त्रीला पटेना. त्याच्या हाताला गोळे टाकायची सवय. पहिली फरशी त्याच्या पद्धतीने बसवू दिली, लगेच उचलून त्यालाच पाठ दाखवली: निम्मा दगड कोरडा. दुसरी आमच्या पद्धतीने बसवून उचलली. पाठ जवळजवळ पूर्ण माखलेली होती. पाण्याच्या जागी ९५ टक्के तरी माखायला हवी. त्यानंतर त्याने एकही फरशी गोळ्यांवर बसवली नाही, आणि दर पाचवी स्वतःहून उचलून पाहत होता.

निळ्या टाइल्सचे सांधे इपॉक्सीने भरले. ते भरायला अवघड जातं, वेळेत पुसलं नाही तर डाग कायमचे राहतात, पण पाणी त्यातून चुना काढू शकत नाही. फरश्यांमागे १२ मिलिमीटरचा मोकळा सांधा पूर्ण खोलीपर्यंत ठेवला. त्यात फोमची गोल दोरी दाबली आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट ६ मिलिमीटर जाडीचं भरलं. दोरीमुळे सीलंट फक्त दोन्ही कडांना चिकटतं, तळाला नाही, म्हणून रबरासारखं ताणता येतं. पश्चिमेला आणि आखूड बाजूंच्या उरलेल्या भागातही कटरने सांधा कापून तसंच केलं.

अ‍ॅडहेसिव्हच्या गोणीवर छापलेल्या सूचनेत, पूलमध्ये पाणी भरण्याआधी २१ दिवस थांबायला सांगितलं होतं. मुळशीत जानेवारीच्या रात्री गार असतात, गारठ्यात अ‍ॅडहेसिव्ह आणि इपॉक्सी दोन्ही हळू घट्ट होतात. आम्ही २५ दिवस थांबलो. पाणी भरल्यावर कठीणपणा २०० पीपीएमवर नेण्यासाठी साधारण ९ किलो कॅल्शियम क्लोराइड फ्लेक्स तीन दिवसांत विभागून टाकले, आधी बादलीतल्या पाण्यात थोडे-थोडे विरघळवून. विरघळताना बादली गरम होते, मामांना ते आधीच सांगून ठेवलं. गोळ्या स्किमरमध्ये टाकणं बंद झालं. आता त्या तरंगत्या डब्यात असतात, आणि पीएच दर दोन दिवसांनी वहीत लिहिला जातो.

निकाल

पुढचा पूर्ण पावसाळा गेला. नोव्हेंबरमध्ये मी पुन्हा हातोडा आणि खडू घेऊन गेलो. चाळीस फरश्या, एकही फुली नाही. बाहेरची कोटा फरशी आणखी ३ मिलिमीटर बसली होती, म्हणजे भराव अजून हलतोच आहे. काठाच्या फरश्यांना त्याची झळ पोचली नाही, कारण आता त्यांचा त्याच्याशी संबंधच उरलेला नाही.

एक गोष्ट बिघडली. आग्नेय कोपऱ्यात ४० सेंटिमीटर लांबीचं सीलंट एका बाजूने सुटलं होतं. त्या कोपऱ्यात सकाळी दव उशिरापर्यंत राहतं, आणि आम्ही तिथे शेवटच्या दिवशी नऊ वाजता सीलंट भरलं होतं. कड ओलसर असणार.

पुन्हा करायचं झालं तर

फोटो बघून सल्ला देणार नाही. पहिल्याच वेळी एक फरशी उचलायला लावली असती तर सांध्यातल्या विटा दिसल्या असत्या, आणि नातवाच्या पायाला टाके पडले नसते. हे मला अजून लागतं. खडूचा नकाशा काढायला एक तास आणि एक हातोडा लागतो. तो मे महिन्यातही काढता आला असता. जमीन आधी कशाची होती, हे मामांना विचारायला तर काहीच लागत नव्हतं.

भराव नीट धुमसून नव्याने करण्याचा मुद्दा मी काकांपुढे पुरेशा जोराने मांडला नाही. खर्च वाढेल म्हणून पुढे ढकलला. आणखी दोन-तीन वर्षांत कोटा फरशी उचलून ते काम करावंच लागेल, कारण ती आता पुलापासून दूर उतरत असली तरी पलीकडच्या भिंतीपाशी पाणी साठवते.

सीलंटच्या आधी कडांना प्रायमर मारायला हवा होता आणि दुपारपर्यंत थांबायला हवं होतं. तो ४० सेंटिमीटरचा तुकडा नोव्हेंबरच्या त्याच भेटीत ब्लेडने कापून काढला, हेअर ड्रायरने फट कोरडी केली, प्रायमर लावला आणि दुपारी दोन वाजता पुन्हा भरला. मामा शेजारी उकिडवे बसून बघत होते. काम संपल्यावर त्यांनी खिशातून दहाचं नाणं काढलं आणि कोपऱ्यातली फरशी वाजवून पाहिली.